त्रिनिदादमध्ये खायला कुठे जायचं: सेंट जेम्स, डेबे, मराकस की टोबॅगो?

त्रिनिदादला जाणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा थोडेच दिवस असतात. कुणी क्रिकेटचा सामना बघायला गेलेलं असतं, कुणी कार्निव्हलला. एवढ्या वेळात खाण्यासाठी कुठे जायचं, याची निवड चार ठिकाणांत करावी लागते: राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधलं सेंट जेम्स, दक्षिणेकडचं डेबे, उत्तर किनाऱ्यावरचं मराकस आणि शेजारच्या टोबॅगो बेटावरचं स्टोअर बे. माझं मत आधीच सांगून टाकते. अर्धा दिवस डेबेसाठी काढाच, एक रात्र सेंट जेम्सला द्या, मासे आवडत असतील तर मराकसला जा. टोबॅगोला मात्र फक्त खाण्यासाठी जाऊ नका.

डेबेला इतकं झुकतं माप देण्याचं कारण इतिहासात आहे. 30 मे 1845 रोजी कलकत्त्याहून निघालेलं ‘फतेल रझाक’ जहाज त्रिनिदादला लागलं आणि करारबद्ध हिंदुस्थानी मजुरांचं येणं सुरू झालं. 1917 मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत 1 लाख 40 हजारांहून जास्त माणसं आली. त्यातली बहुतेक भोजपुरी मुलखातली होती. उसाचे मळे मध्य आणि दक्षिण भागात, म्हणून वस्तीही तिकडेच वाढली आणि चूलही तिकडचीच मुरली. मिळेल त्यात त्यांनी भागवलं. डाळ म्हणाल तर पिवळ्या वाटाण्याची. कोथिंबिरीच्या जागी शॅडो बेनी, म्हणजे लांबट, दातेरी पानांची एक वनस्पती. वास कोथिंबिरीचाच, पण दुप्पट उग्र. ‘परदेशातलं भारतीय जेवण’ असं समजून इथे खायला बसलात तर प्रत्येक घास चुकल्यासारखा वाटेल. पावणेदोनशे वर्षांत हे जेवण स्वतःचं स्वतः उभं राहिलंय, त्याला त्याच्याच मापाने मोजायला हवं.

आधी डबल्सबद्दल, कारण चारही ठिकाणी जाणं जमलं नाही तरी हे खाल्ल्याशिवाय परत येऊ नये. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले बारे आणि त्यावर छोल्यांची पातळसर भाजी. 1936 मध्ये प्रिन्सेस टाउन या दक्षिणेतल्याच गावात इमामूल दीन आणि त्यांच्या पत्नीने हे विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. गाडीवरचा माणूस तळहातावर कागद धरतो, कापडाखाली झाकून ठेवलेले दोन बारे एकावर एक अर्धवट सरकवून टाकतो, त्यावर डावभर छोले, मग काकडीचा कीस, चिंचेची चटणी, शॅडो बेनीची हिरवी चटणी, कैरीचं कुचला, म्हणजे तिखट लोणचं. कागदाची टोकं पिळून पुरचुंडी तुमच्या हातात येते तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाचे बारे कागदावर पडलेलेही असतात. उभ्यानेच खायचं, बाऱ्याचा तुकडा तोडून छोले उचलायचे. किंमत साधारण एका अमेरिकी डॉलरच्या आसपास (एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या घरात टीटी डॉलर, म्हणजे इथलं चलन, येतात).

मागताना तिखट किती ते सांगावं लागतं. ‘स्लाइट’ म्हटलं की चमच्याच्या टोकाएवढं. पहिल्यांदा तेवढंच घ्या, कोल्हापूरचे असलात तरी. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोरुगा गावाचं नाव लावणारी मिरची 2012 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी तेव्हाची जगातली सगळ्यात तिखट ठरवली होती. सरासरी 12 लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). गाडीवर तीच असेल असं नाही, पण रोजच्या वापरातली स्कॉच बॉनेटसुद्धा लवंगी मिरचीला मागे टाकते.

आता सेंट जेम्स आणि डेबे समोरासमोर ठेवू. सोयीच्या बाबतीत सेंट जेम्सला तोड नाही. वेस्टर्न मेन रोडवर रात्री उशिरापर्यंत गाड्या आणि टपऱ्या चालू असतात, आजूबाजूच्या गल्ल्यांना दिल्ली, कलकत्ता अशी नावं आहेत, आणि क्वीन्स पार्क ओव्हलही जवळच. हे तेच मैदान, जिथे 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं आणि गावसकरांनी पदार्पणात 65 आणि नाबाद 67 केल्या. सामना संपल्यावर चालत किंवा टॅक्सीने पाच-दहा मिनिटांत खायला पोहोचता. डबल्स, रोटी, भाजलेलं चिकन, मक्याचं सूप, गायरो (रोटीत गुंडाळलेलं मांस), चायनीज असं सगळं एका रस्त्यावर मिळतं. चौघांच्या चार आवडी असतील तर सेंट जेम्सच बरं. शहरातल्याच क्वीन्स पार्क सव्हानाभोवती संध्याकाळी शहाळी आणि मक्याचं सूप विकणारे उभे असतात, तेही याच फेरीत उरकता येतं.

डेबेला यातलं निम्मंही नाही, आणि तरीही मी डेबेच म्हणेन. मुख्य रस्त्यालगत ओळीने टपऱ्या, आणि त्यांचं सगळं लक्ष एकाच कामावर: तळणं. फुलौरी (वाटाण्याच्या डाळीच्या पिठाचे छोटे गोळे, सोबत चिंचेची नाहीतर कैरीची चटणी), बैगनी, कचौरी, आलू पाय, आणि सहीना. मराठी माणसाने डेबेला जायचं ते या सहीनासाठी. दशीन म्हणजे आपलं अळूच. त्याच्या पानांना वाटाण्याच्या डाळीचं पीठ लावून तळतात, मधोमध चिरतात आणि आत चटणी भरतात. गूळ नाही, तीळ नाही, वरून ओलं खोबरं नाही. हळद, लसूण आणि शॅडो बेनीचा जोर. कढईतून निघालेलं मिळालं तर कडा कुरकुरीत आणि आतलं पान लोण्यासारखं मऊ. राजधानीतही सहीना मिळतो, पण तो बहुधा तळून ठेवलेला असतो आणि तासाभरात चिवट होतो. खप जिथे जास्त तिथे घाणा ताजा, एवढाच फरक आहे आणि तो जिभेला लगेच कळतो.

अडचण अंतराची. पोर्ट ऑफ स्पेन ते सॅन फर्नांडो साधारण 55 किलोमीटर, डेबे त्याच्याही पुढे. हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सीने, म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या मिनीबसने, सॅन फर्नांडो गाठायचं, तिथून दुसरी गाडी. राजधानीत सकाळी येणारी आणि संध्याकाळी बाहेर पडणारी गर्दी भयंकर असते, त्या वेळा टाळा. सॅन फर्नांडोपर्यंत समुद्रातून वॉटर टॅक्सी नावाची बोटही आहे, ती मुख्यतः कामाच्या दिवशी चालते. वेळापत्रक बसत असेल तर बोटीनेच जा.

रोटीसाठी मात्र डेबेपर्यंत जायची गरज नाही, ती राजधानीतही उत्तम मिळते. फक्त कुठली घ्यायची ते ठरवा. सकाळी सादा रोटी: तव्यावर फुगवलेली जाड रोटी, सोबत टोमॅटोचा किंवा भाजलेल्या वांग्याचा चोखा (आपलं भरीतच), नाहीतर बोडी, म्हणजे चवळीच्या लांब शेंगांची भाजी. दुपारी धालपुरी किंवा बस-अप-शट. धालपुरीत पुरणपोळीसारखं सारण असतं, पण ते शिजवून दळलेल्या वाटाण्याच्या डाळीचं, तिखटमिठाचं, जिरं घातलेलं. तिच्यात रस्सा गुंडाळून देतात, त्यामुळे चालता चालता खाता येते. बस-अप-शट हा तुपाचा किंवा तेलाचा पदरदार पराठा, तव्यावरच लाकडी कालथ्यांनी झोडून चिंध्या केलेला. तो बसून, हाताने, रश्शात बुडवून खायचा. निवांत जेवायचं असेल तर बस-अप-शट, प्रवासात असाल तर धालपुरी. मटण (म्हणजे बोकडाचं) हाडांसकट असतं, गुंडाळलेल्या रोटीतही. पहिला घास जपून.

मराकसची गोष्ट वेगळी. राजधानीपासून पाऊणएक तासाचा घाटरस्ता, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने बांधलेला. वाटेत उंचावर थांबायची जागा आहे, तिथे चाव विकतात: कैरीच्या किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, शॅडो बेनी आणि मिरची. खाली किनाऱ्यावर बेक अँड शार्क. तळलेली फुगीर रोटी, आत तळलेला मासा, आणि पुढे ठेवलेल्या भांड्यांतून कोबी, अननस, लसणाची, चिंचेची, शॅडो बेनीची चटणी आपणच वाढून घ्यायची. सगळ्यात नावाजलेली टपरी ‘रिचर्ड्‌स’. खरी चव या चटण्यांत असते, माशात कमी. म्हणूनच मी आग्रहाने सांगते: शार्क मागू नका. शार्क सावकाश वाढतात, पिल्लं कमी देतात, आणि अटलांटिकमधल्या त्यांच्या कित्येक जाती धोक्यात आहेत. किंगफिश मागा. तो आपल्या सुरमईच्याच गोत्रातला आहे, चव ओळखीची लागेल आणि त्या चटण्यांखाली जास्त शोभेल. मराकसचा खरा तोटा परतीच्या वाहनाचा आहे, सार्वजनिक गाड्या विरळ असतात. भाड्याची गाडी करूनच जा.

टोबॅगोला जाणार असाल तर समुद्रासाठी, प्रवाळासाठी जा. जेवण म्हणजे स्टोअर बेवरच्या बायकांच्या टपऱ्यांतलं खेकडा-डंपलिंग: नारळाच्या दुधातला खेकड्याचा रस्सा आणि पिठाचे चपटे, घट्ट उकडलेले तुकडे. खेकडा लहान, मेहनत खूप, रस्सा सुरेख. विमानतळापासून पायी अंतरावर आहे, त्यामुळे उतरल्यावर किंवा निघताना खाऊन घ्या. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला आवडेल, पण त्यासाठी बेट बदलावं इतकं नाही.

शाकाहारी असाल तर मराकस आणि स्टोअर बे सरळ वगळा. डबल्स, सहीना, फुलौरी, सादा रोटी-चोखा यांवर दिवसच्या दिवस मजेत निघतात. सावध राहायचं ते राजधानीतल्या घरगुती थाळीत: कालालू दिसतं अळूच्या पातळ भाजीसारखं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालायची पद्धत आहे, आणि मॅकरोनी पायमध्ये बहुधा अंडं असतं. विचारूनच घ्या. लसूण वर्ज्य असेल तर मात्र इथे कठीण आहे, छोल्यांपासून चोख्यापर्यंत सगळीकडे तो असतोच.

रात्री बाहेर खायचा बेत असेल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी वाढलेली आहे, 2024 च्या डिसेंबरअखेर तर आणीबाणी जाहीर करावी लागली होती. सेंट जेम्सच्या गजबजलेल्या पट्ट्यातच राहा, जाताना-येताना मुक्कामाच्या ठिकाणाहून सांगितलेली टॅक्सी घ्या, आडगल्लीत चालत जाऊ नका. तेवढं मन धजत नसेल तर रात्र सोडून द्या आणि डबल्स सकाळी खा. सकाळचे बारे तसेही जास्त मऊ असतात.

तारखा आपल्या हातात असतील तर शाकाहाऱ्यांनी दिवाळीच्या आधीचा आठवडा धरावा. मध्य त्रिनिदादमधल्या चग्वानसला 1986 पासून ‘दिवाळी नगर’ भरतं, तिथे मांस आणि दारू दोन्ही नसतात, आणि डेबेच्या टपऱ्यांवरचे बहुतेक पदार्थ एका मैदानात मिळतात. मांसाहाऱ्यांनी डिसेंबर बघावा. तेव्हा केळीच्या पानात बांधलेले, आत खिमा भरलेले मक्याचे पास्तेल घरोघरी होतात आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं गोड-आंबट सरबत, सोरेल, सगळीकडे मिळतं.