बदलीच्या तक्रारीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील

मालकाने केलेल्या बदलीविरुद्ध लढायला मोफत वकील देणारी ही सरकारी सेवा चांगली आहे आणि कामगारांनी ती हक्काने वापरावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार थेट पात्र ठरतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम, तारखेनुसार सगळे आदेश, आणि आधी युनियनचं काम किंवा ओव्हरटाइमची मागणी केल्याचा कागद न्या. मालकाने बदली आकसाने, म्हणजे सूड म्हणून केली, हे दाखवावं लागतं. नुसती गैरसोय सांगितली तर तक्रार टिकत नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत, औद्योगिक न्यायालयात. बदली थांबवण्यासाठी स्थगितीचा अर्ज सोबतच. स्थगिती मिळेपर्यंत घरी बसलात तर गैरहजेरीची चौकशी लागते, म्हणून लेखी हरकत नोंदवूनच बदलीच्या जागी रुजू व्हा.