लांब कील की फिन कील? सुकाणूच्या बाजूने केलेली तुलना

शिडाची नौका घेऊ पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, ‘ही नौका सरळ चालते का?’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नको ती नौका गळ्यात पडते. पहिला प्रश्न दिशास्थैर्याचा आहे: लाटेच्या धक्क्याने नौकेचे तोंड थोडे वळले, तर ती तशीच वळत जाते, की पाणी त्या वळण्याला आवर घालते? दुसरा संतुलनाचा आहे: शिडांवरचा वाऱ्याचा जोर आणि पाण्याखालचा आडवा विरोध एकमेकांशी जुळलेले आहेत, की सुकाणू सतत एका बाजूला ओढून धरावे लागते? लांब कील (कील म्हणजे नौकेच्या तळाखाली जोडलेला उभा भाग) पहिल्या बाबतीत मोठी मदत करते, पण दुसऱ्याची हमी ती देत नाही. संतुलन बिघडलेली लांब कीलची नौका हट्टाने वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि तो हट्ट मोडताना तासाभरात खांदे भरून येतात.

लांब कील म्हणजे पाणरेषेच्या (पाण्याची पातळी नौकेला जिथे टेकते त्या रेषेच्या) निम्म्याहून अधिक लांबीवर पसरलेली आणि मागच्या कडेला सुकाणू जोडलेले असलेली कील. अशी नौका वळू लागते तेव्हा कीलच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना पाणी आडवे कापत जावे लागते. वळण्याच्या केंद्रापासून टोक जितके दूर, तितका त्याचा आडवा वेग जास्त आणि पाण्याचा विरोधही जास्त; म्हणूनच समान क्षेत्रफळाच्या दोन कीलपैकी लांबीवर पसरलेली कील वळण्याला अधिक आवरते. खलाशी जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या सुमारे ३७ फुटी नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांना त्यांना २३ दिवस लागले आणि त्या सगळ्या दिवसांत मिळून आपण सुकाणूशी तीन तासांपेक्षा जास्त बसलो नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. याचे सगळे श्रेय लांब कीलला दिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. स्प्रेची शिडे आणि तिचा तळ यांचे संतुलन फार उत्तम जमलेले होते. ते नसते तर सुकाणू बांधून निवांत बसणे शक्यच झाले नसते.

२०१८ साली पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ३२ ते ३६ फुटी, १९८८पूर्वी आरेखित झालेल्या आणि लांब कीलच्या मागच्या कडेला सुकाणू असलेल्या नौकांनाच प्रवेश होता. महिनोन् महिने एकट्याने समुद्रावर राहणाऱ्या माणसासाठी हा प्रकार आजही गंभीरपणे घेतला जातो. वादळात शिडे उलटसुलट बांधून नौका जवळजवळ जागेवर थोपवून धरायची असेल, तर तेही लांब कीलवर सहज साधते.

याची किंमत बंदरात मोजावी लागते. सुकाणू वळण्याच्या केंद्राच्या जवळ असल्याने त्याची तरफ आखूड पडते आणि नौका मोठा घेर घेऊन वळते. सुकाणूच्या आसाच्या पुढे काहीच क्षेत्रफळ नसल्याने पाण्याचा सगळा भार हातावर येतो. इंजिनावर मागे घेताना तर परिस्थिती आणखी कठीण होते. इंजिनाच्या पंख्याने लोटलेले पाणी पुढच्या बाजूला जाते, सुकाणूवरून वाहतच नाही, आणि पंख्याच्या फिरण्यामुळे पिछाडी एका बाजूला सरकू लागते; सुकाणूची दांडी कुठेही वळवली तरी सुरुवातीला फरक पडत नाही. दोन धक्क्यांमधल्या अरुंद जागेत, बाजूने वारा येत असताना, हा अनुभव घेतलेला माणूस पुढच्या वेळी दोर आधीच बाहेर काढून ठेवतो.

फिन कीलची कल्पना नवी नाही. नौका-आरेखक नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी १८९१ साली ‘डिलेमा’ या नौकेला अरुंद, खोल कील आणि तिच्या तळाशी शिशाचा गोळा बसवला होता. सागरी शर्यतींत मात्र या मांडणीला प्रतिष्ठा मिळाली ती १९६०च्या दशकात. १९६७च्या अमेरिका चषक या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतील ‘इंट्रेपिड’नेही कीलपासून सुटे केलेले सुकाणू पिछाडीला नेले. फिन कील पाण्यात उभ्या पंखासारखी काम करते: नौका वाऱ्याच्या जोराने काही अंश बाजूला घसरते, त्या तिरक्या प्रवाहामुळे कीलवर बाजूचा जोर निर्माण होतो आणि तो घसरण थोपवतो. खोल आणि अरुंद पंख हे काम कमी विरोधात करतो, म्हणून अशी नौका वाऱ्याच्या जवळ, म्हणजे वारा येतो त्या दिशेशी लहान कोन करून, अधिक चांगली चालते. सुटे सुकाणू दूर मागे असल्याने त्याची तरफ लांब असते, आणि त्याचा काही भाग आसाच्या पुढे ठेवता येत असल्याने ते हाताला हलके लागते. ही नौका कीलभोवती चटकन फिरते आणि मागे जातानाही, थोडा वेग आला की, सुकाणूचे ऐकते.

पण पंख असल्यामुळे पंखाचे दोषही आले. वेग मेला की कीलची पकड सुटते. वाऱ्याचे तोंड ओलांडल्यावर लगेच वाऱ्याच्या अगदी जवळ जाण्याचा हट्ट धरला तर नौका नुसती बाजूला घसरते, म्हणून आधी वाऱ्यापासून थोडे दूर वळून वेग घ्यावा लागतो. सुकाणूचा दोष अधिक धोक्याचा आहे. वाऱ्याचा झोत येतो, नौका कलते, शिडांचा जोर बाजूला सरकून तोंड वाऱ्याकडे ओढू लागतो. तुम्ही दांडी खेचता, आणखी खेचता, आणि सुकाणूचा कोन पंधरा अंशांच्या आसपास किंवा पुढे गेला की हातातला ताण अचानक नाहीसा होतो. त्या क्षणी सुकाणूवरचा प्रवाह फाटलेला असतो. रुंद पिछाडीच्या कललेल्या नौकेत तर सुकाणूचा वरचा भाग पाण्याबाहेर येऊन हवा खाली ओढली जाते. नौका गर्रकन वाऱ्याकडे फिरते. अशा वेळी दांडी आणखी ओढण्यात अर्थ नसतो. मोठ्या शिडाचा दोर सोडावा लागतो, तोही ताण नाहीसा होण्याआधी. रुंद पिछाडीच्या नव्या नौकांना दोन सुकाणू देतात ते याच कारणाने.

म्हणून फिन कील सरळ चालत नाही हा समज मला मान्य नाही. चांगली बनवलेली फिन कीलची नौका सरळ चालते, पण तिला तुमचे लक्ष सतत लागते. ऑटोपायलटलाही (आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रालाही) हेच लागू पडते: फिन कीलवर त्याला वारंवार, पण हलक्या दुरुस्त्या कराव्या लागतात, लांब कीलवर त्या क्वचित लागतात, पण दर वेळी जोर अधिक लागतो.

या दोहोंमध्ये मध्यम लांबीची फिन कील आणि स्केगच्या आधारावर बसवलेले सुकाणू अशी मांडणी आहे आणि दोघांच्या चमूने लांबचे प्रवास करायचे असतील तर माझी पसंती तिलाच राहील. स्केग म्हणजे सुकाणूच्या पुढे तळाला पक्की जोडलेली उभी फळी. बाणाच्या पिसांप्रमाणे ती पिछाडीला आडवे क्षेत्रफळ देते, सुकाणूची पकड थोड्या मोठ्या कोनापर्यंत टिकवते आणि तरंगत्या ओंडक्याचा पहिला फटका स्वतः खाते. बदल्यात सुकाणू थोडे जड लागते.

उथळ पाण्यासाठीचे पर्याय वेगळ्या गरजेचे आहेत. १९८३ साली ‘ऑस्ट्रेलिया टू’ या शर्यतीच्या नौकेने गाजवलेली, तळाशी आडवे पंख असलेली कील कमी खोलीत वजन खाली ठेवते. ओहोटीला नौका जमिनीवर सरळ उभी राहायला हवी असेल तर जुळी कील घ्यावी, मात्र पाण्याशी घर्षण वाढल्याने मंद वाऱ्यात ती रेंगाळते. वर उचलता येणाऱ्या कीलचा एक गुण फारसा सांगितला जात नाही: वारा मागून असताना ती अर्धी उचलली की आडव्या विरोधाचे केंद्र मागे सरकते आणि नौका अधिक शांत चालते.

मुक्काम बहुतेक धक्क्याला, प्रवास दिवसाभराचे आणि हाताशी माणसे असतील, तर फिन कील आणि सुटे सुकाणू निःशंक घ्यावे. निर्णय कोणताही असो, चाचणी बारा ते पंधरा नॉटच्या (ताशी सुमारे २२ ते २८ किलोमीटर) वाऱ्यातच करावी. वाऱ्याच्या जवळ, शिडे नीट लावून, सुकाणूचा कोन पाहावा. वाऱ्याकडची ओढ आवरायला तीन ते पाच अंश पुरत असतील तर संतुलन चांगले आहे. मग दांडी सोडून नौका मार्गावर किती सेकंद टिकते ते मोजावे, आणि तीच मोजणी तिरक्या मागच्या वाऱ्यात, पिछाडी उचलणाऱ्या लाटांवर पुन्हा करावी. परतल्यावर, बंदराच्या तोंडाशी मोकळ्या पाण्यात, इंजिनावर नौका मागे घेऊन पाहावी, आणि त्या वेळी दांडी विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या हातात असावी.