बोहरी आळीतलं बॅगांचं दुकान: सहलीच्या खरेदीला चांगलं, पाऊच सोडून

आमच्या नववीच्या वर्गाची पहिलीच परदेश सहल, सिंगापूरला. बॅगा ठोक भावात मिळतील म्हणून चार पालकांना घेऊन इथे गेले. काकांनी पहिला प्रश्न टाकला, "मॅडम, बॅग पोरगं स्वतः उचलणार ना?" आणि मोठ्या बॅगा दाखवल्याच नाहीत! चाकं मात्र फरशीवर पळवून दाखवली. एका बाबांना अमेरिकावालं महागडं कुलूप (तिथले विमानतळावरचे तपासनीस आपल्या किल्लीने उघडू शकतात ते) हवं होतं, काका म्हणाले, "सिंगापूरला कशाला? साधं घ्या." गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा दुकानदार पुण्यात सापडला, नोंद घ्या.

सिंगापूरच्या सॉकेटला तीन चपट्या पिना लागतात, आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही. त्यासाठी साधा अडॅप्टर घ्या. सगळ्या देशांना चालणारा मोठा ठोकळा सॉकेटमधून लोंबतो. विमानात हातातल्या बॅगेत शाम्पू वगैरे न्यायला लागणाऱ्या १०० मिलिलिटरच्या बाटल्याही इथेच मिळाल्या. गळ्यातले पासपोर्ट पाऊच मात्र टाकाऊ, चेन दुकानातच अडकली. ते दुसरीकडून घ्या. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.