अग्निवीर की पोलीस शिपाई?

साताऱ्या-कोल्हापुरात पहाटे १६०० मीटर धावणाऱ्या बहुतेक पोरांचा एक डोळा अग्निवीरवर, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीवर असतो, दुसरा पोलीस भरतीवर. धावणं दोन्हीकडे आहेच, पण पुढचं गणित फार वेगळं.

अग्निवीर जनरल ड्युटीला (साध्या सैनिकाच्या पदाला) दहावी ४५ टक्के चालते, त्यामुळे लवकर अर्ज भरता येतो. पोलीस शिपायाला बारावी लागते. शिवाय मैदानी ५० आणि लेखी १०० गुण. मैदानात पहिला आलेला गडी गणित-बुद्धिमत्तेत आपटतो, हे दर भरतीत दिसतं.

पैशाचं नीट बघा. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, पण हातात २१,०००. उरलेले ९,००० सेवानिधी नावाच्या बचत निधीत, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर पुन्हा अर्ज भरायला मोकळे.

शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते, निवृत्ती ५८ व्या वर्षी. बंदोबस्त, गणपती, रद्द झालेल्या रजा हेही त्यातच आलं. आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही. वाट बघण्यात वय निघून जातं, हा खरा धोका.

माझं मत विचाराल तर बारावी झाली असेल आणि लेखीचा कंटाळा नसेल, तर पोलीस. घरात आजच पैसा हवा असेल तर अग्निवीर. मात्र तिथे असतानाच पुढच्या परीक्षेची पुस्तकं उघडी ठेवा.