स्टुडिओ ५४ की पॅरेडाइज गॅरेज?

दोन्ही न्यूयॉर्कचे जुने डिस्को नाइटक्लब. १९७७ मध्ये उघडलेल्या स्टुडिओ ५४ च्या दारात मालक स्टीव्ह रुबेल स्वतः उभा राहून माणसं निवडायचा. कपडे नाहीतर चेहरा आवडला नाही की बसा ताटकळत. आत सजावटीला चमच्याने कोकेन ओढणारा चंद्र टांगलेला! थाट मोठा, पण हिशेबात लबाडी. १९७८ च्या डिसेंबरात धाड पडली आणि १९८० मध्ये रुबेल व भागीदार इयान श्रेगर करचुकवेगिरीपायी तुरुंगात गेले. तीन वर्षांत खेळ खल्लास.

पॅरेडाइज गॅरेज म्हणजे किंग स्ट्रीटवरच्या जुन्या मोटार गॅरेजातला क्लब; तिथे शिरायलाही सभासदत्व लागायचंच. पण तिथे दारू मिळत नसे. कृष्णवर्णीय, लॅटिनो समलिंगी तरुण डीजे लॅरी लेव्हानच्या तबकड्यांवर सकाळपर्यंत नाचत. हा क्लब १९८७ पर्यंत चालला. माझं मत गॅरेजलाच. सेलिब्रिटी बघायची हौस असेल त्याने ५४ च्या दारातल्या दोरीशी उभं राहावं.