फौजी वडिलांची मेडलं: तयार शॅडो बॉक्स घ्यावा की फ्रेमवाल्याकडून करून घ्यावा?

ऑनलाइन मिळणारा मेडलांचा शॅडो बॉक्स म्हणजे एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) चौकट, तळाला काळी मखमल, पुढे अ‍ॅक्रिलिक आणि मागे दुमडायच्या पत्र्याच्या पट्ट्या. भिंतीवर छान दिसतो. तरीही पाचपैकी दोनच गुण, कारण आत ठेवलेल्या वस्तूची काळजी त्यात कुणी केलेली नसते. सोबत दिलेल्या दुहेरी चिकटपट्टीने किंवा ग्लू गनने मेडल चिकटवलं, की गोंद रिबिनीत मुरतो आणि नंतर निघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तोच गोंद मऊ पडतो, मेडल खाली घसरतं आणि जुनी रिबिन ताणून फाटते. कोकणातल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. अ‍ॅक्रिलिक पुसलं की धूळ उलट जास्त धरतं.

त्यापेक्षा ओळखीचा फ्रेमवाला बरा. पैसे पट्टीच्या रनिंग फुटावर लागतात आणि आतलं काम आपल्या सांगण्यावर असतं. मात्र सांगावं लागतं, नाहीतर तोही ग्लू गनच काढतो. तळाला अ‍ॅसिड-फ्री बोर्ड (आम्ल नसलेला जाड पुठ्ठा), त्यावर धुऊन घेतलेलं सुती कापड. रिबिनीच्या वरच्या दुमडीतून सुती दोऱ्याने चार टाके घालून मेडल बोर्डाला शिवायचं. काच आणि मेडल यांच्यात मोकळी जागा राहील अशी खोली, मेडलांपुरतं 30 मिमी पुष्कळ झाले. बेरे टोपी ठेवायची असेल तर हे माप चालत नाही, टोपी ठेवून मोजायचं. मागची बाजू स्टेपलने बंद न करता स्क्रूने बसवून घ्या. पेटी पुन्हा उघडता आलीच पाहिजे.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. रिबिन 32 मिमी, गोल मेडल साधारण 36 मिमी, म्हणजे एकेका मेडलाला 40 मिमी धरा. सहा मेडलांना 240 मिमी आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं मोकळी. स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल, जास्त रुंद असतो, तो वेगळा मोजा.

सर्वात जास्त चुका होतात त्या क्रमात. फ्रेमवाला रंग जुळवून मेडलं लावतो आणि मग घरी आलेला कुणी जुना सुभेदार पाहताक्षणी चूक दाखवतो. मानाने मोठं मेडल बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. 1971 चं युद्ध पाहिलेल्या जवानाचा नेहमीचा संच घ्या: आधी पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, मग संग्राम मेडल, मग सैन्य सेवा मेडल, मग स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनाचं मेडल, शेवटी 20 वर्षे आणि 9 वर्षे सेवेचं. शौर्यपदक असेल तर ते सगळ्यांच्या आधी. रिबिनीवरच्या क्लास्पच्या पट्ट्या काढू नका, नोकरी कुठे झाली ते त्यांवरूनच कळतं. ब्रासोने (पितळ चमकवायच्या पॉलिशने) घासायचा मोह तर पूर्ण टाळा. कडेला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, ते घासून पुसट होतं. कोरडं मऊ कापड पुरे.

खरे कागद पेटीत घालू नयेत. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आणि सैनिक कल्याण कार्यालयातल्या कामांना पुढेही लागतात. कितीतरी घरी ते काचेआड शिवून टाकलेले असतात आणि मग ऐनवेळी फ्रेम फोडावी लागते. 600 डीपीआयवर स्कॅन करून रंगीत प्रत लावा.

बहुतेक फ्रेमा नुसत्या वर्दीच्या होतात, घरातला माणूस त्यात येतच नाही. वास्तविक ट्रंकेत त्याचा ऐवज जास्त असतो: ‘द्वारा 56 एपीओ’ अशा लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्याची निळी अंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींत मावलेली खुशाली आणि मुलांच्या फीची चौकशी. मेडलांच्या खाली अशा एका कुपनाची प्रत लावली तर फ्रेम भारदस्त होते. फाउंटन पेनची शाई उजेडात उडते, म्हणून इथेही प्रतच. एचएमटीचं चावीचं घड्याळ तसंच ठेवलं तरी चालतं. सेलचं असेल तर सेल काढा, तो फुटून पाझरतो.

टांगताना बाहेरची ओली भिंत नको, खिडकीसमोरचीही नको. काचेची पेटी जड होते, एका खिळ्यावर भरवसा ठेवू नका, दोन हुक लावा. मागे चारही कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि वाळवीचा माग लवकर दिसतो. ताजा हार आणि उदबत्ती वडिलांच्या फोटोला, या पेटीला नाही: ओल आणि काजळी फटीतून आत जाते. आणि तेराव्याच्या आत हवी म्हणून घाई करू नका. घाईत फ्रेमवाला शिवत नाही, चिकटवतो.