क्लीन टोनसाठी स्पीकर बदलताना: कोणता घ्यावा, कशात बसवावा

गिटारच्या छोट्या कॉम्बो अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज पातळ, चिरका किंवा लगेच फाटणारा वाटला, की पहिला सल्ला मिळतो तो स्पीकर बदलण्याचा. स्पीकर बदलून फरक पडतोच. पण तोच बारा इंची स्पीकर अरुंद कॉम्बोतून काढून ऐसपैस कॅबिनेटमध्ये बसवला तर पडणारा फरक बऱ्याचदा त्याहून मोठा असतो, आणि तो आधी फुकटात ऐकता येतो. म्हणून स्पीकरांकडे वळण्याआधी खोक्याबद्दल.

गिटारच्या जाड ई तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा. हवेत त्याची तरंगलांबी भरते सुमारे ४ मीटर. बहुतेक कॉम्बोंची पाठ उघडी असते, त्यामुळे कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूच्या) मागून निघालेला उलट्या फेजचा, म्हणजे पुढच्याला छेद देणारा, आवाज अर्ध्या मीटरच्या खोक्याला सहज वळसा घालून पुढे येतो आणि खालचे स्वर खाऊन टाकतो. खोकं जितकं अरुंद, तितकं हे खाणं वरच्या स्वरांपर्यंत चढतं. छोटे कॉम्बो वाजवणारे बास नॉब नऊवर नेऊन ठेवतात ते यामुळेच. नुसता नॉब वाढवून खोक्यातून खाल्ला गेलेला बास परत येत नाही. पॉवर ट्यूबवर (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या, अ‍ॅम्पमधल्या काचेच्या नळ्यांवर) मात्र बोजा वाढतो आणि क्लीन आवाज आणखी लवकर फाटतो.

पहिली परीक्षा त्यामुळे अशी करावी: कुणाचं तरी १×१२ किंवा २×१२ (एक किंवा दोन बारा इंची स्पीकरचं) कॅबिनेट आणा, ओम (स्पीकरच्या विद्युत रोधाचा आकडा) जुळतात का पाहा, अ‍ॅम्पचे सगळे टोन नॉब मधोमध ठेवा, कॉम्बोच्या स्पीकरची वायर काढून त्या जागी कॅबिनेट जोडा आणि वाजवा. बास नॉब खाली आणावासा वाटला तर अडचण खोक्याची आहे. आवाज भरला पण किनार तशीच चिरकी राहिली तर स्पीकरचा विचार करा. दोन्हीकडे आवाज त्याच पातळीला आणि तसाच फाटत असेल तर स्पीकर आणि कॅबिनेट दोन्ही निर्दोष आहेत. आवाज अ‍ॅम्पमध्येच फाटतोय, बहुधा प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे त्याच्या पहिल्या टप्प्यात. मग पिकअप तारांपासून थोडे खाली करा, अ‍ॅम्पला कमी गेनचं दुसरं इनपुट असेल तर ते वापरा, किंवा पहिल्या जागेवरच्या १२एएक्स७ ऐवजी ५७५१ ट्यूब लावून पाहा. १२एएक्स७ चा गेन फॅक्टर १००, तर ५७५१ चा ७०. स्पीकरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

आता स्पीकर. माहितीपत्रकात लोक वॉट वाचतात. क्लीन टोनसाठी त्याच्या शेजारचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा आधी वाचावा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवरचा फरक. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०२ डेसिबलचा लावला तर १५ वॉटचा अ‍ॅम्प जवळपास ४७ वॉटच्या अ‍ॅम्पइतका मोठा ऐकू येतो. ड्रमरसोबत वाजवताना व्हॉल्यूम सहावर न्यावा लागत होता तिथे आता चारवर भागतं, आणि चारवर ट्यूब अजून स्वच्छ असतात. हेडरूम म्हणतात ते हेच. उलट, घरात दबक्या आवाजात वाजवणाऱ्याला इतका तिखट स्पीकर नकोसा होतो, कारण व्हॉल्यूम एकवरून दीडवर नेला तरी खोली भरते.

वॉट महत्त्वाचे आहेतच, पण दुसऱ्या कारणासाठी. ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण जोरात वाजवला की छापील आकड्याहून बरेच जास्त वॉट देतो. म्हणून एकट्या स्पीकरची क्षमता अ‍ॅम्पच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट असावी. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या स्पीकरचा कोन स्वतःच मुडपायला लागतो. रॉक वाजवणाऱ्यांना ते गोड वाटतं, क्लीन वाजवणाऱ्याला ती घाण वाटते.

एमिनन्सचा कॅनबिस रेक्स हा छोट्या ट्यूब कॉम्बोसाठी आमचा पहिला कौल. ५० वॉट, सेन्सिटिव्हिटी १०२ डेसिबलच्या आसपास, कोन हेम्पचा. या कोनमुळे वरची किनार आपोआप घासल्यासारखी गोलसर होते. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या, चमकदार आवाजाच्या) पिकअपच्या ब्रिज पोझिशनलाही कान टोचत नाही. जॅझ कॉर्ड, बोटांनी वाजवलेले अर्पेजिओ यांना तो फार शोभतो. उणीव अशी की ह्युमबकर (दोन गुंडाळ्यांचा, जाड आवाजाचा पिकअप) आणि आधीच मंद आवाजाचा अ‍ॅम्प असेल तर सगळं मऊ पडतं, पिकचा टोला हरवतो.

जेन्सन सी१२के त्याच्या अगदी विरुद्ध. १०० वॉट, सिरॅमिक मॅग्नेट, घट्ट बास, मध्यभाग थोडा मागे आणि वर काचेसारखी चमक. फेंडरने '६५ डिलक्स रिव्हर्ब आणि '६५ ट्विन रिव्हर्बच्या पुनर्निर्मित मॉडेलांत हाच वापरला आहे, त्यामुळे तो आवाज कानाला ओळखीचा वाटतो. कोन सहजासहजी फाटत नाही. नवा असताना मात्र तो कर्कश असतो, हे आधीच गृहीत धरा. सस्पेन्शन सैल व्हायला दहा ते वीस तास बऱ्यापैकी मोठ्या आवाजात वाजवावं लागतं. पहिल्याच संध्याकाळी ऐकून परत करण्याची घाई नको.

सेलेस्टियनचा जी१२एम-६५ क्रीमबॅक ६५ वॉट आणि ९७ डेसिबल. क्लीनला उबदार, मध्यभाग भरलेला, बँडच्या गर्दीत गिटार ऐकू येत राहते. ज्यांचा अ‍ॅम्प ४० वॉटच्या आसपास आहे आणि क्लीनसोबत थोडा ओव्हरड्राइव्हही (मुद्दाम फाडलेला आवाज) वापरायचा आहे, त्यांच्यासाठी उत्तम. १५ वॉटच्या अ‍ॅम्पला घेऊ नका. हेडरूम हवी म्हणून खर्च करायचा आणि ९७ डेसिबलचा स्पीकर आणायचा, यात काही मतलब नाही. याच घराण्यातला व्हिंटेज ३० ऐकायला मिळतो सगळीकडे. ६० वॉट, १०० डेसिबल, आकड्यांत निर्दोष. पण वरच्या मध्यभागातला त्याचा उंचवटा ओव्हरड्राइव्हसाठी आहे. चकचकीत क्लीनला तो नाकातून बोलल्यासारखा वाटतो.

अल्निको मॅग्नेटवाल्यांत सेलेस्टियन ब्लूचं नाव आधी येतं. व्हॉक्स एसी३० चा झंकार त्याच्यामुळे. १०० डेसिबल, क्षमता मात्र फक्त १५ वॉट. एसी३० मध्ये तो जोडीने असतो, म्हणून चालतो. एकटा ब्लू १५ वॉटच्या ट्यूब अ‍ॅम्पला लावून व्हॉल्यूम चढवत नेला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळण्याची तयारी ठेवा. तशाच वळणाचा सेलेस्टियन गोल्ड ५० वॉट झेलतो. एकच स्पीकर लावायचा असेल तर तोच घ्यावा. अल्निको जोरात वाजवल्यावर टोला किंचित दाबून देतो, सिरॅमिक तो तसाच फेकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पण मॅग्नेटवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तेवढाच वेळ कोन आणि खोक्याला द्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

राहिला इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल. २०० वॉट. गिटारचा स्पीकर म्हणण्यापेक्षा पीएचा (सभागृहातल्या ध्वनियंत्रणेचा) म्हणावा इतका सरळ आवाज. अ‍ॅम्पमधून जे येतं ते न रंगवता बाहेर. पेडलवर टोन घडवणाऱ्यांना आणि अगदी कोरडा, खणखणीत क्लीन हवा असणाऱ्यांना याला तोड नाही. पण वजन आठ किलोच्या वर. छोट्या कॉम्बोत तो बसवणं हा वेडेपणा आहे: बॅफल (स्पीकर बसवलेली पुढची फळी) वाकतो, आणि मॅग्नेट ट्रान्सफॉर्मरला किंवा ट्यूबना भिडतो. हा स्पीकर वेगळ्या कॅबिनेटसाठीच. समोर पोर्ट असलेलं थील पद्धतीचं छोटं १×१२ कॅबिनेट त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि त्यात एका स्पीकरमधून निघणारा बास ऐकून लोक मागे दुसरं खोकं शोधतात.

कॅबिनेट घेताना ओपन बॅक की क्लोज्ड बॅक हा प्रश्न चवीचा कमी आणि जागेचा जास्त आहे. ओपन बॅकचा आवाज खोलीभर पसरतो, भिंतीवरून परत येतो, क्लीनला हवेशीर वाटतो. पण त्याला मागे निदान हातभर मोकळी जागा लागते. भिंतीला चिकटवलात तर तो घुमतो. क्लोज्ड बॅक बास घट्ट ठेवतो आणि आवाज समोर फेकतो, स्टेजवर माइक लावायला सोपा. मागची फळी दोन-तीन तुकड्यांत काढता येईल असं कॅबिनेट मिळालं तर तेच घ्या, मधला तुकडा काढून-घालून खोलीप्रमाणे जुळवता येतं. ट्यूब कॉम्बोची पाठ मात्र फळीने पूर्ण बंद करू नका. ट्यूबची उष्णता बाहेर पडायला वाट लागते. बॅफल १८ मिलिमीटर बर्च प्लायचा असावा. चिपबोर्डच्या खोक्यात स्क्रू काही काळाने सैल होतात आणि ओल लागली की कडा फुगतात.

जागा आणि वजन परवडत असेल तर क्लीनसाठी २×१२ हा सर्वात खात्रीचा उपाय. पॉवर दोघांत वाटली जाते, प्रत्येक कोन निम्म्या कष्टात चालतो, आणि खालच्या स्वरांत दोन्ही कोन मिळून सुमारे तीन डेसिबल जास्त देतात. दोन वेगळे स्पीकर एकत्र लावण्याची टूम चांगली आहे, पण त्यांच्या सेन्सिटिव्हिटीत दोन डेसिबलपेक्षा जास्त अंतर नको. क्रीमबॅकशेजारी कॅनबिस रेक्स लावला तर पाच डेसिबलच्या फरकाने क्रीमबॅक जवळजवळ झाकला जातो.

ओमचं गणित चुकवू नका. दोन १६ ओम पॅरलल जोडले की ८, दोन ४ ओम सिरीजमध्ये जोडले की ८, दोन ८ ओम पॅरलल जोडले की ४. ट्यूब अ‍ॅम्पला आउटपुटवर लिहिलेला आकडाच द्यावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लिहिलेल्या किमान ओमच्या खाली जाऊ नका. जास्त ओम चालतात, फक्त आवाज कमी मिळतो. मल्टिमीटरवर ८ ओमचा चांगला स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ ओमचा १२ ते १३. कॅबिनेटला जोडायची वायर स्पीकरचीच हवी. गिटारची शील्डेड केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, तापते आणि ऐन वाजवताना शॉर्ट होऊ शकते.

बसवताना अ‍ॅम्पचा प्लग काढून ट्यूब गार होऊ द्या. चॅसी उघडायची गरज बहुधा पडत नाही, उघडूही नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल इतका व्होल्टेज शिल्लक असतो. वायरींचा फोटो काढून ठेवा. टर्मिनल ओढताना मागची पट्टी पक्कडीने धरा, नाहीतर पट्टी वाकते आणि कोनकडे जाणारी नाजूक वेणी तुटते. बरेचसे नवे स्पीकर मरतात ते स्क्रूड्रायव्हरमुळे: हात जरा ढिला पडला की मॅग्नेट त्याला खेचतो आणि टोक सरळ कोनमध्ये. काम करताना कोनवर जाड पुठ्ठा धरा. वायर डाग देऊन जोडायची असेल तर कोनवर कापड टाका, आणि सोल्डरिंग आयर्न टर्मिनलवर तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका.

नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. गॅस्केट (स्पीकरच्या कडेची मऊ पट्टी) दबून बसला की आणखी पाव फेरा, बस्स. जोर लावून आवळलं तर फ्रेम पिळवटते आणि व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते. तपासायला डस्ट कॅपभोवती चार बोटं सारखी टेकवून कोन हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर नट सैल करून पुन्हा बसवा. दोन स्पीकर असतील तर प्रत्येकाला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, प्लस लाल टर्मिनलला. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर फेज उलटी आहे; नेमका ज्यासाठी खर्च केला तो बासच गायब होतो.

मग जाड तारेवर एकेक फ्रेट चढत सगळे स्वर वाजवा. एखाद्याच स्वराला झिणझिण येत असेल तर ती बहुधा स्पीकरची नसते; कोनला टेकणारी वायर, सैल मागची फळी, हँडलचा स्क्रू किंवा ट्यूबची जाळी, यांतलं काहीतरी असतं. एकेकावर बोट ठेवत गेलं की सापडतं. महिन्याभराने नट पुन्हा एकदा पाहा, गॅस्केट दबल्यावर ते थोडे सैल होतात.

ऐकण्याची जागाही बदलून पाहा. बारा इंची कोन उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. जमिनीवरच्या कॉम्बोसमोर उभं राहिलं तर तो झोत गुडघ्यांवर जातो, वाजवणारा ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्यांच्या कानाला तो टोचतो. अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा तिरका ठेवून मगच टोन लावा.

नेमकी शिफारस हवी असेल तर: १५ वॉटच्या अरुंद कॉम्बोला आधी १×१२ ओपन बॅक कॅबिनेट, त्यात कॅनबिस रेक्स. २० ते २५ वॉटच्या, पुरेशा रुंद कॉम्बोला नवं खोकं न घेता सी१२के, किंवा सिंगल कॉइल टोचत असेल तर कॅनबिस रेक्स. ४० वॉटला क्रीमबॅक किंवा सी१२के, आणि बँड मोठा असेल तर सोबत तोच स्पीकर असलेलं एक्स्टेन्शन कॅबिनेट, मात्र अ‍ॅम्प ती जोडणी झेलतो का हे मॅन्युअलमध्ये पाहून. काढलेला मूळ स्पीकर नव्याच्या खोक्यात, कोनवर पुठ्ठा ठेवून जपा. अ‍ॅम्प विकायची वेळ आली तर घेणारा तोच मागतो.